तांब्यावर कोरलेला हॉलंड : ॲमस्टेलचा काठ, हार्लेमच्या वाळूटेकड्या आणि कुणी न कोरलेला पोल्डर

शनिवार : योडनब्रेस्ट्राट, ॲमस्टरडॅम

हॉलंडचा निसर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते ठरलेलं असतं. सपाट कुरण, पाण्याकाठी वाकलेली विलोची झाडं, एका बाजूला कललेली झोपडी, दूर चर्चचा मनोरा आणि वर भलंमोठं आभाळ. हे दृश्य सुंदर आहे हे डच लोकांना कुणी शिकवलं, याचं बरंचसं उत्तर तळहाताएवढ्या तांब्याच्या पाट्यांवर आहे. त्या पाट्या जिथे कोरल्या गेल्या आणि ज्या जागांवरून कोरल्या गेल्या, तिथे मे महिन्यात फिरायचं असा बेत होता.

सुरुवात रेम्ब्रँट या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या घरापासून. १६३९ मध्ये त्याने हे घर १३,००० गिल्डरला घेतलं. हप्ते थकले, १६५६ मध्ये दिवाळं निघालं आणि पुढे घर लिलावात गेलं. १९११ पासून इथे संग्रहालय आहे, आणि रेम्ब्रँटची जवळजवळ सगळी एचिंग्ज (तांब्याच्या पाटीवर आम्लाने रेघा खोदून छापलेली चित्रं) त्यांच्या संग्रहात आहेत. एका वेळी मांडलेली असतात ती थोडीच. माडीवर छपाईचं प्रात्यक्षिक चालतं. गर्दी खालच्या खोल्यांत रेंगाळते, त्यामुळे दार उघडल्याबरोबर थेट वर गेलं तर दाबयंत्राच्या अगदी शेजारी उभं राहायला मिळतं.

प्रात्यक्षिक दाखवणारी बाई स्वतः मुद्राचित्रकार, म्हणजे पाटीवरून चित्रं छापणारी कलावंत होती, नखांत शाई भरलेली. तिने छपाई समोर करून दाखवली. आम्लाचं काम त्या दिवशी तोंडीच झालं. सगळी प्रक्रिया इथेच मांडून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक जागी तिचा उपयोग होतो.

तांब्याची पाटी साधारण दीड मिलिमीटर जाडीची. कडा कानशीने तिरप्या घासाव्या लागतात, नाहीतर दाबाखाली त्या कागद आणि वरचा फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड, दोन्ही कापतात. मग खडूची पूड आणि पातळ अमोनियाने पाटी घासून तेलकटपणा काढायचा. पाण्याखाली धरल्यावर पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला तर पाटी स्वच्छ. थेंब वेगळे होऊन पळाले तर पुन्हा घासा. पाटी गरम करून तिच्यावर आम्ल अडवणारा लेप चढवायचा. रेम्ब्रँटच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या कृतीत मेण दोन भाग, मस्तकी राळ एक भाग आणि डांबर एक भाग असं प्रमाण आहे. लेप पातळ आणि सारखा हवा. जाड झाला तर सुईची रेघ फाटते. पाटी जास्त तापली तर लेप करपतो, ठिसूळ होतो आणि आम्लात तडकतो. शेवटी मेणबत्तीच्या धुराने तो काळा करायचा, म्हणजे सुईने ओढलेली रेघ काळ्यावर तांबूस चमकते.

सुई तांब्यात खुपसायची नसते, लेप बाजूला सारण्यापुरती टेकवायची. म्हणून हात कागदावर पेन चालावं तसा मोकळा चालतो. ब्युरिन या टोकदार पोलादी हत्याराने तांबं नांगरणाऱ्या कोरीवकामात ते शक्य नाही. तिथे मनगट जाम धरून पाटीच फिरवावी लागते. उघड्यावर, वाऱ्यात उभं राहून झाडाची पानं टिपायला एचिंग सोयीचं का, ते इथेच कळतं. लेप चढवलेली पाटी खिशात मावते.

निसर्गदृश्यासाठी खरी कळीची पायरी त्यापुढची. पाटीची पाठ आणि कडा डांबरी वार्निशने झाकून ती आम्लात सोडायची. हल्ली बहुतेक कार्यशाळांत फेरिक क्लोराइड वापरतात. वीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर पाच-सात मिनिटांत क्षितिजावरच्या बारीक रेघा पुरेशा खोल होतात. पाटी बाहेर काढा, धुवा, वाळवा, क्षितिज वार्निशने झाकून टाका. पुन्हा आत. वीसेक मिनिटांनी मधली कुरणं झाका. पुढ्यातलं गवत आणि झाडाचं खोड पाऊण तास किंवा त्याहूनही जास्त आम्लात राहतं. खोल रेघेत शाई जास्त मावते, म्हणून ती काळी छापते. उथळ रेघ करडी. म्हणजे एचिंगमध्ये अंतर मोजायचं ते मिनिटांत. चित्रकार धुक्यासाठी रंगात पांढरा मिसळतो, इथे पाटी लवकर बाहेर काढतात. फेरिक क्लोराइडमध्ये रेघांत गाळ साचतो, त्यामुळे पाटी पालथी किंवा तिरपी ठेवावी लागते. नायट्रिक आम्ल वापरलं तर रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने हलकेच पुसले नाहीत तर बुडबुड्याखाली तांबं कोरं राहतं आणि रेघ तुटक येते.

छपाईत कोमट पाटीवर शाई चोळायची, मग खळ घातलेल्या विरळ कापडाने गोलाकार पुसायची, शेवटी खडू लावलेल्या तळहाताने. कागद सुती आणि जाड. वीस-तीस मिनिटं भिजवून टिपकागदात दाबलेला. पाणी वर चमकत असेल तर शाई कागदाला धरत नाही, फार वाळला असेल तर रेघांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तिने रूळ फिरवला, फेल्ट उचलला, आणि कागद एका कोपऱ्यातून सोलून काढला. चित्र अर्थातच उलटं : पाटीवरचं डावं कागदावर उजवीकडे.

या उलटेपणाचा प्रवाशाला थेट उपयोग आहे. रेम्ब्रँट बऱ्याचदा समोर दिसेल तसं पाटीवर ओढायचा, छापताना सुलटं येईल याची फिकीर न करता. १६४१च्या सुमाराच्या त्याच्या ॲमस्टरडॅमच्या दृश्यात म्हणूनच चर्च आणि मनोरे खऱ्या क्रमाच्या उलट उभे आहेत. रेइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून ही चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. निघण्यापूर्वी ती उतरवून फोनमध्ये आडवी उलटवून ठेवा. प्रत्यक्ष जागी उभं राहून जुळवायची असतील तर याला पर्याय नाही.

संध्याकाळी आल्बर्ट काउप बाजाराजवळ सुरिनामी रोटी खाल्ली. मऊ, आतून डाळीची पूड भरलेली रोटी, बटाट्याची रसभाजी आणि लांब चवळीच्या शेंगा. १८७३ पासून आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातून करारावर सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, नेलेल्या मजुरांच्या वंशजांनी ती इथवर आणली. शाकाहारी माणसाला ॲमस्टरडॅममध्ये इतकं पोटभर आणि स्वस्त दुसरं काही मिळत नाही. तिखट वेगळं देतात. ते जपून घ्या.

रविवार : ओमवाल ते औडरकेर्क, ॲमस्टेलच्या काठाने

मेट्रोने ॲमस्टेल स्टेशन. तिथून नदी दोन पावलांवर. मेट्रो, ट्राम, बस, रेल्वे सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवून चालतं. माणशी वेगळं कार्ड लागतं आणि उतरताना टेकवायला विसरलात तर जादा रक्कम कापली जाते.

ओमवाल ही ॲमस्टेल आणि वीस्परट्रेकफार्ट कालवा यांच्यामधली जमिनीची जीभ. रेम्ब्रँटने १६४५ मध्ये ती कोरली, १८५ गुणिले २२५ मिलिमीटर. पुढे एक जुनाट, फुटलेल्या खोडाचा विलो, टोपी घातलेला पाठमोरा माणूस, पाण्यात होडी, पलीकडे पवनचक्की. विलोच्या गचपणात, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारं एक जोडपं बसलंय. तो तिच्या डोक्यावर फुलांचं कडं ठेवतोय. त्या सावलीत रेम्ब्रँटने एचिंगच्या जोडीला ड्रायपॉइंट वापरला, म्हणजे लेप-आम्ल काही नाही, सरळ तांब्यात सुई ओरबाडली. ओरबाडताना रेघेच्या कडेला तांब्याचा जो खरखरीत काठ उठतो, त्यात शाई अडकते आणि छापताना मखमली काळोख देते. तो काठ प्रत्येक छपाईत दाबला जातो. दहा-वीस चांगल्या प्रती निघाल्या की मखमल संपते, उरतो बारीक ओरखडा. आम्लाने खाल्लेली रेघ मात्र शेकडो प्रती झेलते. म्हणून एकाच पाटीच्या सुरुवातीच्या प्रतीत ते जोडपं अंधारात लपलेलं असतं आणि उशिराच्या प्रतीत जवळजवळ उघड्यावर.

आज ओमवालवर तीन उंच कचेऱ्या उभ्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत उंच इमारतीला रेम्ब्रँटचंच नाव आहे. ती १९९५ मध्ये पुरी झाली. छत १३५ मीटरवर. ज्याने कोरल्यामुळे ही जागा चारचौघांच्या लक्षात राहिली त्याचं नाव द्यायचं आणि ती जागा काचेखाली गाडायची, हा हिशेब बिल्डर लोकांना सगळ्या देशांत जमतो. पलीकडच्या काठावरून बघितलं तर वल्हवणाऱ्या क्लबांच्या लांबुळक्या होड्या, पाण्यात उलटे मनोरे, आणि त्याखाली काही विलो अजून तग धरून.

पुढे नदी शहर मागे टाकते. डाव्या काठाचा रस्ता धरून दक्षिणेला चालत राहायचं. वारा समोरून होता, ऊन-पावसाची फुगडी चालू होती, आणि बांधावर पांढऱ्या छत्र्यांसारख्या रानफुलांची कंबरभर दाटी. कुरणांत लांब चोचीचे ग्रुटो पक्षी ओरडत होते. सायकलवाल्यांचे कळप मागून येतात, त्यांच्या घंटेला मान देऊन कडेला व्हा. रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढणाऱ्याला इथे सौम्य भाषेत शिव्या बसतात.

वाटेत रीकर पवनचक्की लागते. तिच्यापाशी रेम्ब्रँटचा चित्र काढत असलेला पुतळा आहे. दृश्य इतकं चपखल आहे की बसभरून लोक येतात. चक्की १६३६चीच, पण ती मूळची स्लोटेन भागातली. १९६१ मध्ये उचलून इथे आणून बसवली. म्हणजे रेम्ब्रँट या काठाने गेला तेव्हा इथे ती नव्हती. मुद्राचित्रांनी लोकांच्या मनात पक्कं केलेलं ॲमस्टेल पुरं करण्यासाठी खऱ्या ॲमस्टेलमध्ये एक चक्की वाढवावी लागली. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे ठरवून टाकले आणि नंतरचे मूर्तिकार त्यांबरहुकूम घडवू लागले, तसाच हा प्रकार.

औडरकेर्क गावाच्या अलीकडे, नदीच्या वळणावळणांवर एकेकाळी धनिक व्यापाऱ्यांच्या बागवाड्या होत्या. रेम्ब्रँटचं १६४५चं ‘सिक्सचा पूल’ हे एचिंग याच पट्ट्यातलं मानतात. क्षितिजावर औडरकेर्कचा मनोरा आहे. त्याचा धनिक मित्र यान सिक्स याच्या घरी जेवताना मोहरीची चटणी नव्हती, नोकर ती गावातून घेऊन येईपर्यंत पाटी पुरी करीन अशी पैज रेम्ब्रँटने मारली आणि जिंकली, ही गोष्ट १७५१ मध्ये छापलेल्या, जेरसँ या फ्रेंच व्यापाऱ्याने केलेल्या रेम्ब्रँटच्या एचिंग्जच्या सूचीत येते. खरी असो-नसो, पाटी बघितली की पटते. दोन झाडं, पुलाचा कठडा, एक शीड, आणि बाकी कोरा कागद. वार्निशने टप्प्याटप्प्याने झाकण्याचा खटाटोप दिसत नाही; अंतर दाखवलंय ते रेघा विरळ करून.

औडरकेर्कला बेथ हाइम हे पोर्तुगीज ज्यूंचं १६१४ पासूनचं दफनस्थान आहे. निसर्गचित्रकार रॉइसडालने इथल्या कबरी रेखाटल्या आणि त्याच्या रेखाटनांवरून १६७०च्या सुमारास ब्लोटेलिंग या मुद्राचित्रकाराने एचिंग्ज केली. रॉइसडालच्या प्रसिद्ध तैलचित्रांत याच कबरींभोवती पडकी भिंत आणि उसळता ओढा आहे. जागेवर ओढाबिढा काही नाही. पाणी आहे ते शेजारच्या संथ नदीचं. शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं, पुरुषांनी डोकं झाकायचं. तिथून नदीकाठच्या उपाहारगृहात सफरचंदाचा टार्ट, वर साय. परतीला बस मिळते.

सोमवार : रेइक्सम्युझियम, मुद्राचित्रांचा अभ्यासकक्ष

दिवसभर धो धो. असा दिवस कागदासाठीच. संग्रहालयाच्या भिंतीवर मुद्राचित्रं फार थोडी असतात, कारण कागद आणि प्रकाश यांचं जमत नाही. पन्नास लक्सच्या आसपास मंद उजेडात काही महिने लावायची आणि मग बराच काळ अंधारात विश्रांती, असा शिरस्ता. हवं ते चित्र हातात पाहायचं तर अभ्यासकक्षात आधी वेळ घ्यावी लागते. विनंतीत चित्रकार, शीर्षक आणि संग्रहक्रमांक लिहा; क्रमांक संकेतस्थळावर असतात. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. भिंग बरोबर न्या, दहापट मोठं करणारं पुरतं.

रेम्ब्रँटचं ‘तीन झाडं’, १६४३. २१३ गुणिले २७९ मिलिमीटर, त्याच्या निसर्गदृश्यांतलं सर्वांत मोठं. एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन तिन्ही एका पाटीवर. डाव्या वरच्या कोपऱ्यात पावसाच्या तिरक्या सरी अगदी पट्टी लावल्यासारख्या कडक, आणि बरोबर तिथेच ब्युरिनची रेघ सुईच्या रेघेपासून वेगळी ओळखू येते : तिची टोकं निमुळती होतात, एचिंगच्या रेघेची बोथट राहतात. डावीकडे गळ टाकून बसलेला माणूस आणि त्याच्याजवळ बाई. टेकडीवर उजवीकडे एक चित्रकार बसलाय, पण त्याचं तोंड वादळाकडे नाही, भलतीकडेच. खाली झुडपात पुन्हा एक लपलेलं जोडपं. रेम्ब्रँटच्या बाकीच्या बहुतेक निसर्गदृश्यांत आभाळ म्हणजे नुसता कोरा कागद. इथे तेवढं ते भरलं आणि नेमकं हेच लोकांनी सर्वांत जास्त डोक्यावर घेतलं.

त्याच्या शेजारी १६४१ची ‘पवनचक्की’ ठेवून घेतली. चामडं मऊ करायला कॉड माशाचं तेल वापरणाऱ्या कारागिरांची ही चक्की, वासामुळे तिला ‘छोटी घाणेरडी चक्की’ म्हणत. आभाळात बारीक तडे दिसतात. लेप ठिसूळ होऊन तडकला, त्यातून आम्ल शिरलं. पाटी घासून दुरुस्त करता आली असती. रेम्ब्रँटने तशीच छापली, आणि जुनाट चक्कीमागे ते तडे शोभतात हे खरं.

मग हेर्क्युलेस सेगर्स, रेम्ब्रँटच्या आधीच्या पिढीतला. त्याच्या पन्नासेक पाट्यांच्या दोनशेहून कमी प्रती जगात उरल्या आहेत आणि क्वचितच दोन सारख्या. रंगीत शाई, रंगवलेला कागद, कधी कापड, छापून झाल्यावर वरून ब्रश. साखरेचं लिफ्ट-ग्राउंड म्हणून आज जे शिकवतात त्याच्या जवळची पद्धत त्याने वापरली होती : साखर आणि डिंक घातलेल्या शाईने थेट तांब्यावर चित्र काढायचं, वाळलं की वरून लेप, मग पाटी कोमट पाण्यात. साखर फुगते, वरचा लेप उचलून फेकते आणि ब्रशचा फटकारा जसाच्या तसा उघडा पडतो. लेप जाड असेल तर साखर त्याला उचलू शकत नाही. फार पातळ असेल तर न हवा तिथेही निघतो.

सेगर्सने कोरले ते ओसाड, खडकाळ डोंगर, जे हॉलंडात औषधालाही नाहीत. रेम्ब्रँटने त्याची आठ चित्रं घरात लावली होती आणि त्याची एक पाटी मिळवून १६५३च्या सुमारास तिच्यावर स्वतःचं चित्र चढवलं. गिऱ्हाइकांनी मात्र पाठ फिरवली. त्याची मुद्राचित्रं लोणी आणि साबण गुंडाळायला गेली असं रेम्ब्रँटचा शिष्य होहस्ट्राटन १६७८ मध्ये लिहितो. तिखटमीठ लावलेलं असेल, पण बाजार कुणाच्या बाजूला होता ते कळतं.

बाजार होता क्लास यान्स फिसर या ॲमस्टरडॅमच्या मुद्राचित्रकार-प्रकाशकाच्या बाजूला, आणि त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी हार्लेम.

मंगळवार : हार्लेम, ब्लूमेंडाल

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने वीस मिनिटांच्या आत हार्लेम. स्टेशनातून उत्तरेला निघून क्लेफरलानपर्यंत चालत जा. महापालिकेच्या जुन्या रोपवाटिकेच्या आवारात हौस तेर क्लेफ या किल्लेवजा वाड्याचा पडका भाग उभा आहे. १५७२-७३ मध्ये हार्लेमला पडलेल्या वेढ्यात स्पॅनिश सेनापतीचा तळ इथे होता. जाताना त्यांनी वाडा उडवून दिला. प्रवाशांच्या यादीत ही जागा सहसा नसते. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा वाफ्यातलं तण काढत होते आणि शाळेची मुलं बेडूक शोधत होती.

पण हे अवशेष १६१२च्या आसपास ॲमस्टरडॅममधल्या दुकानात विकायला होते, कागदावर. फिसरने ‘रम्य ठिकाणं’ या नावाची बारा एचिंग्जची मालिका काढली. हार्लेमभोवतीच्या वाळूटेकड्या, खाणावळी, झांडफोर्टचा किनारा, कापड उन्हात पसरून पांढरं करण्याची मैदानं, महारोग्यांचं घर आणि हे क्लेफ. मालिकेतल्या मजकुराचा भावार्थ असा : लांब प्रवास करायला वेळ नसलेल्या रसिकांनो, हार्लेमच्या बाहेरची रम्य ठिकाणं इथे निवांत बघा, आणि फार विचार न करता विकत घ्या.

हे नवं होतं. त्याआधी छापील निसर्ग म्हणजे बहुतांशी सोळाव्या शतकातल्या ब्रूगल या चित्रकाराच्या आल्प्सचा, गरुडाच्या उंचीवरून दिसणारा. अँटवर्पमध्ये हिएरोनिमस कॉक या प्रकाशकाने १५५९ आणि १५६१ मध्ये आसपासच्या खेड्यांची साधी दृश्यं छापली होती. फिसरने १६१२ मध्ये त्यांच्या नकला काढल्या आणि खपावं म्हणून वर ब्रूगलचं नाव ठोकलं, व्यापारी माणूस. वेळही त्याची अचूक होती. १६०९ मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला होता. वेशीबाहेर गेलं तर शिपाई गाठ पडतील ही भीती ओसरली होती, आणि शहरी माणूस पाय मोकळे करायला बाहेर पडू लागला होता. कुठे जायचं आणि तिथे काय बघून ‘वा’ म्हणायचं, ते फिसरने सांगितलं. चित्रकाराला तैलचित्र सांगण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही मुद्राचित्राचा संच परवडत होता. १६१६ मध्ये यान फान दे फेल्डे या मुद्राचित्रकाराच्या मोठ्या मालिका आल्या आणि वळण पक्कं झालं : जवळचं, सपाट, थोडं पडझड झालेलं, माणसांचा वावर असलेलं. रेम्ब्रँट वीस-पंचवीस वर्षांनी ॲमस्टेलकाठी हिंडायला निघाला तो याच तयार वाटेवरून.

क्लेफरलानने पश्चिमेला चालत राहिलं की ब्लूमेंडाल. इथल्या कोप्ये नावाच्या वाळूटेकडीवरून हार्लेमकडे बघा. रेम्ब्रँटचं १६५१चं ‘सोनं तोलणाऱ्याचं शेत’ याच पट्ट्यातलं. खरं तर ती जागा सोनं तोलणाऱ्याची नव्हे, क्रिस्टोफेल थेइसच्या साक्सेनबुर्ख मळ्याची, म्हणजे ज्याचे घराचे पैसे रेम्ब्रँट देणं लागत होता त्याची. पाटी १२० गुणिले ३१९, रुंदी उंचीच्या अडीचपटींहून जास्त. टेकडीवर उभं राहून मान डावीकडून उजवीकडे फिरवावी लागते तेव्हा हा आकार का निवडला ते उमजतं. उलटवलेलं चित्र फोनवर धरलं. घरांनी आणि झाडांनी मधलं शेत गिळलंय, पण हार्लेमच्या बाव्हो चर्चचं शिखर झाडांवर अजून दिसतं. दुपारनंतर जा. सूर्य पाठीशी येतो.

ब्लूमेंडाललाच टेइसेची बाग आहे, १९२५ मध्ये याक टेइसेच्या साठाव्या वाढदिवसाला गावाने दिलेली. वाळूटेकड्यांवरची रानटी झाडंझुडपं नीट लावून ठेवली आहेत. आम्ही होतो तेव्हा झुडपात नाइटिंगेल भर दुपारी गात होता; तिथल्या स्वयंसेवक बाईंनी कुठल्या बाकावर गप्प बसायचं ते दाखवलं. टेइसे शाळामास्तर. १९०५ मध्ये निसर्गस्मारक संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक. ॲमस्टरडॅमचा कचरा नारडरमेअर या सरोवरात टाकायचा घाट घातला गेला होता. संस्थेने १९०६ मध्ये ते विकत घेतलं आणि तो देशातला पहिला राखीव निसर्गपट्टा ठरला.

संध्याकाळी हार्लेमात पांढरी शतावरी, वर उकडलेलं अंडं आणि वितळलेलं लोणी. हंगाम २४ जूनपर्यंतच असतो. हॅम न घालता द्या म्हटलं की देतात.

बुधवारी पुन्हा पाऊस. कपडे धुतले.

गुरुवार : बेम्स्टर आणि झानची नदी

पुर्मरेंटहून बस बेम्स्टरमध्ये शिरते आणि रस्ता एकदम सुतासारखा सरळ होतो. हा पोल्डर, म्हणजे १६१२ मध्ये पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलेलं सरोवर. समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली, रस्ते-कालव्यांचे काटकोनी चौकोन, १९९९ पासून जागतिक वारसा. तारीख पुन्हा वाचा : फिसर हार्लेमची रम्य ठिकाणं विकत होता त्याच सुमारास इथे माणसाच्या हातून एवढी जमीन वर येत होती. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा पैसा यात गुंतला होता. तरी त्या काळच्या निसर्गदृश्यांत बेम्स्टर जवळजवळ सापडत नाही.

तांब्यावर तो आला, पण नकाशांत. तेच तांबं, तेच दाबयंत्र. मालकीसाठी चौकोन आणि डोळ्यांसाठी वाकडी झोपडी, अशी वाटणी झाली. सुईला सरळ रेघेत गंमत नाही हे एक कारण असेल. मऊ लेपावर हात जो वळवळतो तो विलोच्या सालीवर आणि कुडाच्या छपरावर खुलतो, सरळ कालव्यावर नाही. दुसरं असं की पैसे लावलेला माणूस रविवारी हिशेबाची वही बघायला जात नाही. कारण काहीही असो, परिणाम आजही बसमध्ये दिसतो. रीकर चक्कीपाशी कॅमेरे सरसावणारी माणसं इथे फोनमध्ये डोकं घालून बसतात. एका चीजच्या मळ्यावर उतरलो. मालकाने मातीत फावडं घालून शिंपल्याचा तुकडा काढून दाखवला. सायकल भाड्याने घेऊन फिरा. वाऱ्याची दिशा बघून, कारण आडोसा म्हणून काही नाही.

दुपारी झान्से स्कान्स, झान नदीकाठची जुन्या पवनचक्क्यांची वस्ती. पवनचक्क्यांजवळ रेटारेटी असते, पण झान संग्रहालयातल्या फर्काडे बिस्किट कारखान्याच्या दालनात शांतता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फर्काडे पुड्यांतून रंगीत चित्रं देऊ लागली. ती चिकटवायच्या बऱ्याच वह्यांचा मजकूर टेइसेचा. त्याची पहिली वही १९०६ची, वसंत ऋतूवर, १९१२ची नारडरमेअरवर. मूळ जलरंग, छपाई लिथोग्राफीची, म्हणजे दगडावरून केलेली. बेडूक, शेवाळ, वेताची बेटं, चिखलातली पाखरं, म्हणजे फिसरने किंवा रेम्ब्रँटने पाटीवर दोन रेघांत उरकलेला सगळा ऐवज, या वेळी नावानिशी. बिस्किटांसाठी हट्ट धरणाऱ्या मुलांच्या घरात दलदल बघण्यासारखी आहे ही कल्पना अशी शिरली.

शुक्रवार : स्पाउचा पुस्तकबाजार

शुक्रवारी स्पाउ चौकात जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो आणि तिथे मुद्राचित्रंही असतात. ‘रेम्ब्रँट’ म्हणून काहीतरी हमखास पुढे येतं. घेण्यापूर्वी एवढं करा. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते साधं छापील चित्र, खाली ठेवा. खऱ्या एचिंगला चौफेर पाटीच्या कडेचा दाब असतो आणि कागद तिरपा धरला की शाईची रेघ किंचित उठावदार लागते. लिथोग्राफ सपाट असतो, भिंगाखाली दगडाचा कण दिसतो. दाब आणि उठाव दोन्ही असूनही ते रेम्ब्रँटच्या हयातीतलं असेलच असं नाही. त्याच्या ऐंशीच्या आसपास पाट्या टिकल्या आणि हातोहाती फिरल्या. पॅरिसमध्ये बासाँने अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि बर्नारने १९०६ मध्ये त्यांवरून पुन्हा छापलं. त्या झिजलेल्या पाट्या आहेत : ड्रायपॉइंटची मखमल गेलेली, सावल्या करड्या, दुसऱ्या हाताने खोल केलेल्या रेघा. एकोणिसाव्या शतकातल्या आमाँ-द्युराँच्या नकलाही खऱ्या तांब्यावरून छापलेल्या आहेत. त्यांच्या मागे बहुधा लाल शिक्का असतो, म्हणून कागद उलटवून बघायला विसरू नका.

कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधा. रेम्ब्रँट १६४७च्या सुमारापासून जपानी कागदही वापरत असे, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेला, जिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तो पिवळसर, रेशमी, जाळीच्या खुणा नसलेला. स्पाउच्या टेबलावर तो सापडणार नाही. फान दे फेल्डेच्या मालिकांतलं एखादं सुटं पान, कडा छाटलेलं, वाजवी किमतीत मिळू शकतं. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या सामानात न्या, गुंडाळी करू नका, आणि घरी आल्यावर आम्लरहित पुठ्ठ्यात बसवून उन्हाच्या भिंतीपासून लांब टांगा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने ते पान भिंतीवर नको. कोरड्या कपाटात ठेवा, नाहीतर तपकिरी डाग धरतात आणि ते काढायला तज्ज्ञच लागतो.